काणभोअ कुमाराचा दगड आणि आपला दावा

(सव येथे वनहक्क दाव्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या वाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)



शिबिराच्या यादीत माझ्या नावापुढे 'इतिहास' असं लिहिलंय. काल रात्री एका आजीने मला विचारलं, "काय गो बाय, फारम भरायचा सोडून राजाची गोष्ट कशाला?" आजीचं बरोबर आहे. आपण रोज बुडवून इथे आलोय. म्हणून आधीच सांगते, मी राजाची गोष्ट सांगणार आहे ती फारमासाठीच सांगणार आहे. शेवटी फारमावरच येणार आहे.

तुमच्यापैकी महाडच्या बाजाराला न गेलेलं कोणी नसेल. मुंबईकडून हायवेने महाडला येताना, शहर लागायच्या आधी डोंगरात ओळीने काळी दारं दिसतात. ती गांधारपाल्याची लेणी. गांधारी आणि सावित्री या दोन नद्या जिथे मिळतात त्याच्या वर. आपण एस्टीच्या खिडकीतून बघतो आणि म्हणतो, पांडवांनी एका रात्रीत खोदली. मी पण लहानपणी तसंच म्हणायचे. मागच्या वर्षी वाडीतल्या पोरांना घेऊन पायऱ्या चढून वर गेले. खाली पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. वर पंचवीस-तीस लेणी आहेत. आणि तिथे दगडात अक्षरं कोरलेली आहेत.

ती अक्षरं ब्राह्मी आहेत, भाषा प्राकृत. आपल्याला वाचता येत नाहीत. पण अभ्यासकांनी ती कधीच वाचून ठेवलीत. त्यात एका माणसाचं नाव आहे. कुमार काणभोअ व्हेणुपालित. व्हेणुपालित म्हणजे विष्णुपालित. आणि काणभोअ मधला 'भोअ' म्हणजे भोज. हा इथला कुमार होता, म्हणजे राजपुत्र. साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा.

लेखात काय आहे ते आपल्या भाषेत सांगते. हे लेणं, हे चैत्यघर, या आठ ओवऱ्या, लेण्याच्या दोन्ही अंगाला पाण्याच्या दोन टाक्या, आणि लेण्याकडे येणारी वाट, हे सगळं या कुमाराने दिलेलं दान आहे. बस, एवढंच. आपली लढाई किती मोठी, आपला बाप किती शूर, असं काही नाही. काय केलं, किती केलं, कुठे केलं, कोणी केलं. आठ म्हणजे आठ, दोन म्हणजे दोन. वाट पण मोजलेली आहे.

हे लक्षात ठेवा. याच्याकडे मी परत येणार आहे.

आता हा कुमार कोणाचा? त्याच्या वर कोण होतं? त्या काळात आपल्या मुलखावर सातवाहनांचं साम्राज्य होतं. पैठण त्यांची राजधानी. पैठण इथून घाट चढून, पार गोदावरीच्या काठाला. तिथला राजा सावित्रीच्या खोऱ्यात येऊन बसणार नव्हता. घाट, पावसाळा, जंगल, खाड्या. इथला मुलूख इथल्याच माणसाच्या हातात ठेवावा लागायचा. अशा माणसाला मांडलिक म्हणतात. वरचा मोठा राजा मान्य करायचा, आणि आपल्या मुलखात आपण राजा. सातवाहनांच्या काळात अशा मांडलिकांच्या पदव्या होत्या, महारठी आणि महाभोज. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजाराणीच्या मूर्तींबरोबर एका महारठीची मूर्ती होती. आज मूर्ती नाही, पाय आणि वर कोरलेलं नाव राहिलंय.

महाभोज मात्र आपल्या बाजूचे. गांधारपाल्याहून समुद्राकडे गेलात तर तळ्याच्या बाजूला, राजपुरीच्या खाडीजवळ, कुड्याची लेणी आहेत. तिथे मांदव घराण्यातल्या महाभोजांची नावं आहेत. महाभोज मांदव खंदपालित, त्याची आई महाभोजी विजया. आईचं नाव पण दगडात आहे बरं का बायांनो. शेजारचं मांदाड गाव, त्याचं नाव या मांदव नावाशी जोडतात.

पण कुड्याला मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? तिथे नुसते राजे नाहीत. त्या महाभोजाचा लेखनिक आहे. एक वैद्य आहे. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. आणि एक माळी आहे, त्याने पण आपलं नाव कोरून ठेवलंय. राजा नव्हता तो. तरी अठराशे वर्षांनी मी त्याच्याबद्दल तुमच्यासमोर बोलतेय.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे भोज कोण होते? आदिवासी होते काय?

इथे मला जपून बोललं पाहिजे. काही ठिकाणी आपले कार्यकर्ते जोशात सांगतात, तो राजा आपलाच, आपल्याच जातीचा. टाळ्या पडतात. मी तसं सांगणार नाही. लेखात त्याची जात लिहिलेली नाही. उद्या एखादा साहेब विचारेल, पुरावा दाखव. आपण एक खोटं बोललो की तो आपलं शंभर खरं पण खोटं धरतो.

पण जे लिहिलेलं आहे ते पण कमी नाही. कुमाराच्या आधी चारशे वर्षं मागे चला. सम्राट अशोक. त्याने कलिंगची लढाई मारली, माणसं मेलेली बघून त्याला पश्चात्ताप झाला, हे शाळेत शिकवतात. ते ज्या लेखात आहे तो त्याचा तेरावा शिलालेख. त्याच लेखात पुढे कोणकोणते लोक आपलं ऐकतात त्याची यादी आहे. त्यात भोज आहेत, पितिनिक आहेत, आंध्र आहेत, पुलिंद आहेत. पुलिंद म्हणजे जुन्या ग्रंथांतले रानातले लोक. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी इथे महाभोज म्हणून राज्य करणारे लोक, त्यांच्या आधी पाटलीपुत्राच्या सम्राटाच्या यादीत पुलिंदांच्या बरोबरीने, एका ओळीत मोजलेले. ते तेव्हा एक जमात म्हणून, लोक म्हणून ओळखले जायचे. पुढे त्यांच्यातल्या मोठ्या घराण्याची पदवी झाली महाभोज. नंतर नावापुढे कुमार आलं, लेणी आली.

आणि त्याच तेराव्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, ती शाळेत शिकवत नाहीत. अशोक रानातल्या लोकांना पण निरोप देतो. आटवी म्हणजे रान, तिथले लोक. तो म्हणतो, मला पश्चात्ताप झालाय, मी तुम्हाला समजावतोय, पण माझ्याकडे ताकद अजून आहे. सुधारा, नाहीतर मारले जाल. ज्याने लढाई सोडली तो पण रानातल्या लोकांना दम देतो. का? कारण रान त्याच्या हातात नव्हतं.

चाणक्याच्या अर्थशास्त्रात पण हेच आहे. तिथे चर्चा आहे, राज्याला चोर जास्त घातक की रानातले सरदार? उत्तर असं, की चोर लपूनछपून येतात, पण रानातले सरदार आपल्या मुलखात राहतात, पुष्कळ असतात, शूर असतात, उघड लढतात, राजासारखेच वागतात. लिहिणाऱ्याने आपल्याला शिवी म्हणून लिहिलं असेल. पण वाचा नीट. 'आपल्या मुलखात राहतात.' शत्रूने लिहून ठेवलेला पुरावा आहे हा.

पुढे गुप्तांचं साम्राज्य आलं. ते आपल्या कोकणाच्या बाजूला नव्हतं, पण गोष्ट तीच. समुद्रगुप्ताचा स्तंभ अलाहाबादला आहे. त्यावर लिहिलंय की त्याने रानातल्या सगळ्या राजांना आपले सेवक केलं. महाकांतार म्हणजे मोठ्या जंगलाचा राजा होता व्याघ्रराज, त्याला पकडलं आणि सोडून दिलं. सोडून का दिलं? कारण त्या जंगलात व्याघ्रराजाशिवाय दुसऱ्या कोणाचं चालणार नव्हतं. आणि लक्षात घ्या, 'रानातल्या सगळ्या राजांना', म्हणजे एक नव्हता, पुष्कळ होते. रान मोकळं नव्हतं. रान सरकारी नव्हतं. रानाला धनी होते.

आता आपल्याला सांगतात काय? हे जंगल सरकारचं, तुम्ही अतिक्रमणवाले. कधीपासून सरकारचं? इंग्रजांनी 1878 चा जंगल कायदा केला, 1927 चा केला. त्याच्या आधी अशोक आला, सातवाहन आले, किती आले आणि गेले. त्यातल्या कोणी असं म्हटलं नाही की रानात माणूसच नाही. दम दिला, हरवलं, मांडलिक केलं, पण माणूस आहे हे धरून चालले. माणूसच नाही असं पहिल्यांदा कागदाने म्हटलं.

मग आता कोणी म्हणेल, तर मग आपण मांडलिकच होऊ, काय वाईट? नाही भावांनो. मांडलिकाची दुसरी बाजू पण बघा. मांडलिक वर मान वाकवतो. वरच्याला जे पाहिजे ते तो खालच्याकडून काढून देतो. त्या आठ ओवऱ्या कुमाराने स्वतः खोदल्या काय? छिन्नी कोणाच्या हातात होती? दगडाची खेप कोणी वाहिली? खोदणाऱ्यांना खायला नागली कोणी पिकवली? लेखात त्यांचं नाव नाही. कुमाराने दिलं असं लिहिलंय. केलं कोणी ते लिहिलेलं नाही.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्यात पण मांडलिक असतात. वीटभट्टीचा मुकादम बघा. आपलाच माणूस, आपल्याच वाडीतला. पावसाळ्यात पोटाला नसतं तेव्हा उचल देतो, दिवाळीनंतर ट्रकात भरून नेतो. शेठ त्याच्या वर, आपण त्याच्या खाली. कोळशाच्या भट्टीवर तसंच होतं. आपले आजे खैराचा कात काढायचे, त्यावरून आपलं कातकरी नाव पडलं. खैर तोडायची बंदी झाली तसे आपण कोळशाला गेलो, मग विटांना. प्रत्येक वेळी मधे एक मांडलिक. म्हणून मी म्हणते, आपल्याला राजा नको. आपली ग्रामसभा पाहिजे. नव्या कायद्यात पहिला अधिकार ग्रामसभेला दिलाय तो याचसाठी.

आता कायद्याचं नाव नीट ऐका. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी, वनहक्कांची मान्यता, कायदा 2006. मान्यता. दान नाही, वाटप नाही, मेहेरबानी नाही. जे आधीच होतं ते मान्य करणं. कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारने स्वतः लिहिलंय. म्हणून कोणी पुढारी सभेत म्हणाला की आम्ही आदिवासींना जमिनी दिल्या, तर त्याला विचारा, कुठून आणल्या? कुमाराचं दान होतं, त्याने दान म्हणून लिहिलं. आपलं दान नाही, हक्क आहे.

आणि आता पुरावा. मागे एका ऑफिसात आमच्या वाडीतली एक म्हातारी दावा घेऊन गेली. साहेब म्हणाले, दंडाची पावती आहे काय? ती म्हणाली, दंड भरला, पावती कोणी दिली नाही. साहेब म्हणाले, मग कागद नाही तर जमीन नाही. म्हातारी परत आली. तिच्या वरकस तुकड्यावर तिच्या सासऱ्याने घातलेला दगडी बांध आहे. एक माणूस एका पावसाळ्यात घालू शकत नाही असा बांध.

गांधारपाल्याच्या लेखाकडे परत या. तिथे पुरावा काय आहे? खोल्या, पाण्याच्या टाक्या, वाट. माणसाने हाताने केलेलं, जमिनीवर दिसणारं काम. आणि वनहक्काच्या नियमात, नियम 13 मध्ये, पुरावा म्हणून काय चालतं? घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध, बंधारा. विहीर, मसणवट, देवाची जागा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब, लिहून घेतलेले. जुन्या कागदात आज्या-पणज्याचं नाव असेल तर त्याच्यापर्यंतची वंशावळ. सरकारी कागद पण चालतात, पण नुसते तेच पाहिजेत असं कुठेही नाही. एकाहून जास्त पुरावे जोडा एवढंच म्हटलंय. म्हातारीचा बांध हा पुरावा आहे. शेजारच्या आज्याचा जबाब हा दुसरा पुरावा. झाले दोन.

सातवाहनांचीच एक गोष्ट सांगते, ही तुम्ही ऑफिसात पण सांगू शकता. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे हुकूम कोरलेले आहेत. तो सातवाहनांचा सगळ्यात मोठा राजा. त्याने आपल्या राज्याच्या 18 व्या वर्षी डोंगरातल्या भिक्षूंना ककडी गावचं 200 निवर्तनं शेत दिलं. निवर्तन हे त्या वेळचं जमिनीचं माप. हुकुमात लिहिलं, या शेतात सरकारी माणसाने शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. पक्का कागद, राजाचा शिक्का. पुढे 24 व्या वर्षी दुसरा हुकूम काढावा लागला. का? ते शेत कोणी कसत नाही, ते गाव वसत नाही. म्हणून त्याच्या बदल्यात दुसरीकडचं 100 निवर्तनं राजाच्या मालकीचं शेत दिलं.

कळलं का? एवढ्या मोठ्या राजाचा हुकूम, दगडात कोरलेला, पण कसणारा नव्हता म्हणून शेत फुकट गेलं. कसणारा नसेल तर राजाचा कागद पण जमीन देऊ शकत नाही. आपलं उलटं आहे. आपल्याकडे कसणारे आहेत, पिढ्यान् पिढ्या आहेत, कागद नाही. मग सांगा, दोघांत खरं काय, कागद की कसणूक?

तरी पण कागद करायचाच. कारण आज ऑफिस कागद मागतं. आणि आपला कागद टिकत नाही हे महाडच्या माणसाला सांगायला नको. 2005 च्या जुलैत पुराने घरंच्या घरं भिजली, त्यात रेशनकार्ड गेलं, पावत्या गेल्या. म्हणून जे कराल त्याच्या तीन प्रती करा. एक घरात, एक वनहक्क समितीकडे, एक संघटनेकडे.

आता वाडीत गेल्यावर काय करायचं ते सांगते आणि थांबते.

एक. प्रत्येक वाडीने आपली स्वतःची यादी करायची, गांधारपाल्याच्या लेखासारखी. किती घरं, किती बांध, किती विहिरी आणि झरे, मसणवट कुठे, वाघदेव कुठे, पाण्याची वाट कुठली, गुरांची वाट कुठली. आकड्यात लिहायचं. 'खूप आहेत' असं लिहायचं नाही. आठ म्हणजे आठ.

दोन. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आधी घ्यायचे. पोरांनो, हे तुमचं काम. बारावी शिकलो ते कशाला शिकलो? कुठल्या वर्षी कोणाचं झोपडं मोडलं, कोणी बांध घातला, ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या. अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या. म्हातारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर अख्खं दप्तर जातं.

तीन. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात होती, ही तारीख सगळ्यांनी पाठ करा. जास्तीत जास्त चार हेक्टर. प्रत्यक्ष कसत असाल तेवढंच लिहा, एक गुंठा जास्त नको.

चार. दावा नवराबायकोच्या दोघांच्या नावे. कायदाच तसा आहे. कुड्याच्या दगडात महाभोजी विजयाचं नाव येतं, मग आपल्या बायांचं कागदावर का नाही येणार?

पाच. नुसती आपापली शेतं नाही, सामूहिक हक्काचा दावा पण टाकायचा. कंद, मध, मासे, जळण, चराई, वाटा. शेत एकट्याचं, रान सगळ्यांचं.

सहा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. कोणी आलं तर भांडू नका, शिव्या देऊ नका. दाव्याची पोच दाखवा आणि संघटनेला निरोप द्या. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. 60 दिवसांत वर अपील करता येतं.

त्या आजीला मी आता उत्तर देते. आजी, कुमाराची गोष्ट सांगितली कारण त्याने चार ओळी लिहिल्या आणि तो अठराशे वर्षं राहिला. फुलं विकणारा माळी पण राहिला. ज्यांनी डोंगर खोदला त्यांनी लिहिलं नाही, ते गेले. आपण खोदणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. या वेळी खोदणाऱ्यांनी लिहायचं आहे. दगड नको, छिन्नी नको. वही आणि पेन आहे, आणि तुझ्यासारख्या म्हाताऱ्यांची आठवण आहे.

पुढच्या वेळी एस्टीने महाडला जाल तेव्हा वर बघा. ते पांडवांनी केलेलं नाही. इथल्याच माणसांनी केलंय. आणि पोरांना सांगा.

जल, जंगल, जमीन आपली. जिंदाबाद.